आखाजीच्या उन्हातला मुराळी

आमच्या गावात देवळामागे पाऊस मोजायचा सरकारी डबा बसवला आहे. पावसाळ्यात तो भरून वाहतो आणि गावाचं नाव पार वरपर्यंत जातं. पाटणच्या पलीकडे, कोयनेच्या खोऱ्यातला आमचा मुलूख. चार महिने सूर्याचं तोंड दिसत नाही, खांद्यावरचं घोंगडं वाळत नाही. तिथं मी सत्तरी गाठली, तेव्हा हवापाण्यातलं मला कुणी काही शिकवावं असं कधी वाटलं नाही. शाळा दोन इयत्ता झाली. हे लिहितोय ते माझ्या हातानं. अक्षर वाकडं असेल, मजकूर सरळ आहे.

मी निघालो तेव्हा अक्षय तृतीया तोंडावर आली होती. नव्वद सालाच्या आधीची गोष्ट. माझी धाकटी लेक शालन धुळ्याकडे दिली आहे. जावई हिंमत आमच्याकडे धरणाच्या कामावर वायरमन होता. माणूस सरळ, घर शेतीचं, म्हणून सोयरीक केली. पुढं तो काम सोडून आपल्या गावी शेतीवर गेला आणि लेक इतकी लांब पडली.

आपल्याकडे अक्षय तृतीयेला देवापुढं आंबा ठेवला की सण उरकला. खानदेशात तिला आखाजी म्हणतात आणि दिवाळीनं लाजावं असा तिचा थाट. लग्न झालेली प्रत्येक लेक त्या दिवशी माहेरी पाहिजे म्हणजे पाहिजे. तिला न्यायला बाप नाहीतर भाऊ येतो, तो मुराळी. दिवाळीला शालन आली होती, भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तात्या, आखाजीला आमच्या गल्लीतल्या सगळ्या सुना जातात. मी एकटी उरते. दुसऱ्यांच्या लेकी झोक्यावर बसतात, मी त्यांना पाणी आणून देते."

तक्रार नव्हती. पण मला ते लागलं. मी म्हटलं, "यंदा तुझा मुराळी येणार. गल्लीला सांगून ठेव."

आणि तिनं खरंच सांगून ठेवलं.

मुलगे म्हणाले, तात्या, खानदेशात ऊन फार, आम्ही जातो. मी म्हटलं, शब्द मी दिलाय आणि पाय माझे अजून माझ्याच ताब्यात आहेत. एसटीनं साताऱ्याला, तिथून आगगाडीनं पुणे, मग मनमाडवरून सकाळी चाळीसगावला उतरलो. हिशेब सोपा होता. त्या दिवशी लेकीच्या घरी पोचायचं, दुसऱ्या पहाटे तिला घेऊन निघायचं आणि सणाला आमच्या ओसरीवर हजर.

चाळीसगावच्या स्टेशनात सकाळीच लोक सावली धरून उभे होते. फलाटावर जिथं पत्र्याची सावली संपते तिथं माणसांची रांगही संपत होती, जणू कुणी आखून दिलं आहे. मी मुद्दाम उन्हात जाऊन उभा राहिलो. एक हमाल म्हणाला, "बाबा, नवीन दिसता." 

धुळ्याच्या पॅसेंजरमध्ये जागा मिळाली. समोर पिंप्राळ्याचे एक कापडवाले बसले होते. पिंप्राळा म्हणजे जळगावचीच वस्ती. त्यांच्या शेजारी धुळ्याकडचा एक फेटेवाला शेतकरी. दोघांचं भांडण जुंपलं होतं. मला वाटलं जमिनीचं असेल. ऐकतो तर उन्हाचं!

कापडवाले म्हणत होते, "काल रेडिओवर कुणाचं नाव आलं? जळगावचं. राज्यात पहिलं. स्कूटरच्या सीटवर दुपारी बसून दाखवा आमच्याकडे."

फेटेवाला म्हणाला, "तुमनं नुसतं ऊन शे. आमना धुयाले थंडी भी शे (तुमचं नुसतं ऊन आहे, आमच्या धुळ्याला थंडीसुद्धा आहे). हिवाळ्यात रेडिओ कुणाचं नाव घेतो? आमचं. दोन्ही बाजूनं पहिले आम्ही."

"थंडीचं कोण विचारतंय? मे महिना चालू आहे."

मला राहवलं नाही. मी आमच्या डब्याची गोष्ट काढली. पाऊस किती, धुकं किती, भिंतीला शेवाळ किती. दोघं भांडण सोडून माझ्याकडे बघायला लागले. मग फेटेवाला हळूच म्हणाला, "मग तर आबा तुम्ही फार ओले शेत (आहात). दुपारच्याला जपा." डबाभर लोक हसले. त्यानं हसत हसत खिशातला कांदा काढून मला देऊ केला. इथं प्रत्येकाच्या खिशात उन्हाळाभर कांदा असतो, ऊन लागू नये म्हणून. मी म्हटलं, कांदा मी भाकरीबरोबर खातो, खिशात ठेवत नाही.

खिडकीबाहेर मुलूख उघडा पडला होता. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून शेतं मोकळी केलेली, काळी माती अशी भेगाळलेली की भेगेत हात जावा. लांबवर वारा भोवरा करून धूळ उभी करायचा आणि सोडून द्यायचा. आपल्याकडे डोंगर नजर अडवतो. इथं नजर जाते ती जातेच. मला तो मुलूख आवडला हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

धुळ्याला एसटी मिळाली. खिडकीच्या गजाला हात लावला आणि झटकन ओढून घेतला. गाडी गावात जात नाही, फाट्यावर सोडते, तिथून गाव चालत तासाभराचं. उतरलो तेव्हा ऐन दुपार होती. फाट्यावर एक कडुनिंब, त्याखाली पानाची टपरी आणि पाण्याचे दोन रांजण. पाच-सहा माणसं निंबाखाली आडवी झाली होती. एक बैलगाडी सोडून ठेवलेली. कुणालाच कुठं जायचं नाही असं दिसत होतं.

टपरीवाला मोठा बोलका, भटू त्याचं नाव. त्यानं आधी पाणी दिलं, मग विचारलं, "आबा, कोठे जाई राहिनात (कुठं चाललात)?"

मी सांगितलं, लेकीला न्यायला.

"मुराळी!" तो ओरडला. आडव्या झालेल्यांतले दोघं उठून बसले. "कुणाकडचे? हिंमतभाऊकडचे? अहो, तुमची वाट बठ्ठा गाव पाही राहिना (सगळं गाव बघतंय). बसा. ऊन उतरू द्या. ही गाडी चार वाजता तिकडंच जायची आहे."

मी म्हटलं, मुराळी निंबाखाली झोपून जात नसतो.

"आते कुत्रं भी जात नही त्या रस्तावर."

"मी कुत्रा नाही," म्हटलं, आणि पिशवी खांद्याला लावली.

मी सहसा कुणाचं ऐकत नाही. ऐकून माझं भलं झालं असं एकदाही आठवत नाही. डोक्यावर भाताचा भारा घेऊन पावसाच्या माऱ्यात मी ओढे ओलांडलेत. इथं तर रस्ता सपाट, पाऊस नाही, चिखल नाही, जळू नाही. असला रस्ता म्हणजे आमच्या माणसाला अंथरलेली सतरंजी.

थोड्या वेळानं डांबर चपलेला चिकटायला लागलं. पाय उचलला की चपला मागं राहायच्या. मग कडेच्या धुळीतून चाललो तर धूळ तव्यावरच्या पिठासारखी. वारा सुटला तेव्हा बरं वाटेल म्हटलं, पण तो वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा तोंडावर आला. त्याला इथं झळा म्हणतात. घाम येईना. येत असेल तर अंगावर टिकत नसेल. गंमत म्हणजे आवाज कसलाच नव्हता. पाखरू नाही, जनावर नाही, माणूस नाही. रस्ता पुढं पाण्यासारखा चमकत होता आणि मी त्या पाण्याकडे चाललो होतो. मला आमचा ओढा दिसायला लागला. एवढंच आठवतं.

मी पडलो असं लोक म्हणतात. मी म्हणतो, बसलो.

माझं पांढरं धोतर दिसेनासं झालं म्हणून भटू टपरी उघडी टाकून सायकलवर मागं आला होता. डोळे उघडले तर तो माझ्या डोक्यावर आपला ओला रुमाल पिळत होता आणि तोंडानं शिव्या देत होता. "सांगं व्हतं ना तुमले? आता मेले असते तर हिंमतभाऊला काय तोंड दाखवलं असतं मी? मुराळी माझ्या फाट्यावरून गेला म्हणून लोकांनी मला धरलं असतं!" सायकलच्या दांड्यावर बसवून त्यानं मला गावात नेलं. लेकीच्या दारात मी असा पोचलो.

शालन दारातच होती. नवं लुगडं नेसलेली, मागं खुंटीला पिशवी बांधून टांगलेली.

पुढचे दोन दिवस खाटेवर गेले. शालनच्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. नानांनी मला आतल्या खोलीत ठेवलं. घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर, भिंती हातभर जाड, खिडकी एवढीशी. बाहेर आग लागलेली असताना आत संध्याकाळ असल्यासारखं वाटतं. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासलं, कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ओली चादर पांघरली. दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, वाचलात, पण आठवडाभर प्रवासाचं नाव काढायचं नाही.

आठवडा! आखाजी परवावर होती.

खाटेवरून मला दाराच्या चौकटीएवढी गल्ली दिसायची. माझ्यासारखा तिथं दुसरा कुणी येडा नव्हता. पहाटे गल्ली जागी व्हायची, बायका धाब्यावर कुरडया आणि ज्वारीचे बिबडे (पापडासारखे जाड) घालायच्या, आणि ऊन चढायच्या आत खाली उतरायच्या. ऊन उतरलं की खडखडीत वाळलेले उचलायच्या. आमच्याकडे पापड चुलीवरच्या माचावर टांगून पंधरा दिवस वाळवतात, तरी बुरशी येते. इथं एका दिवसात काचेसारखे. पांझरेच्या कोरड्या पात्रात वाळूत वाढलेली डांगरं (खरबुजं) नानांनी कापून दिली. इतकं गोड फळ मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. नाना म्हणाले, "याही (व्याही), हे उन्हाचं देणं. ऊन नरम पडलं त्या वर्षी डांगर पाणचट." दुपारी सगळं गाव दार लोटून निजायचं, आणि सावल्या लांब झाल्या की पुन्हा उठून हसायला-भांडायला तयार. पुराच्या नदीचा आम्ही जसा मान ठेवतो, तसा ही माणसं दुपारचा मान ठेवतात. तिच्या वाटेत जात नाहीत, आणि तिच्याकडून आपलं काम करून घेतात.

संध्याकाळी नानांच्या ओट्यावर ट्रान्झिस्टर लागायचा. बातम्या संपल्या की तापमान सांगतात, तेव्हा सगळे पुढं सरकायचे. मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्यांतल्या बाईनं सांगितलं, काल कितीतरी वर्षांचा उच्चांक मोडला.  मग जळगावचं नाव आलं.

"हत् तिच्या!" हिंमतनं मांडीवर हात मारला. "थोडक्यात हुकलं आपलं."

"त्यांचं यंत्रच सिमेंटच्या गच्चीवर ठेवलंय," कुणीतरी म्हणालं.

भटूही ओट्यावर येऊन बसला होता, तो उभाच राहिला. "कालचा उच्चांक? म्हणजे आबा ज्या दिवशी चालले तोच दिवस!" सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवसापासून गावात माझी ओळख झाली ती उच्चांकाच्या दिवशी चाललेला माणूस म्हणून. पोरं दारातून डोकावून जायची. मला वाईट वाटलं असं काही म्हणणार नाही.

पण दाराच्या चौकटीतून दुसरंही दिसत होतं. रोज सकाळी कुणाचा तरी मुराळी यायचा. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. दारात पाणी घ्यायचा, बसायचा, आणि घटकाभरानं एक सून हसत त्याच्या मागून निघायची. जाताना आमच्या दारात थांबायच्या. "शालन, तुना मुराळी उना ना (तुझा आला ना)? मग कधी?" शालन म्हणायची, "निघू." खुंटीवरची पिशवी तशीच होती. मला पन्हं देताना तिची नजर त्या पिशवीकडे जायची, आणि ते मला झळांपेक्षा जड जायचं. सण मोडला होता तो तिचा. सगळ्या गल्लीसमोर बाप येऊनही ती इथंच राहणार होती. तो न येता तर निदान वाट लांब आहे असं तरी म्हणता आलं असतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी समोरच्या वेणूअक्का आल्या. साठीच्या, एकट्या. नवरा नाही, मूलबाळ नाही. गल्लीवर आवाज मात्र त्यांचाच. ओट्यावर बसून त्या नानांशी बोलल्या, पण माझ्या कानावर जावं असं.

"मना आंगणमा (माझ्या अंगणात) एवढा मोठा निंब शे. कधी झोका बांधा नही. कोन बशी (कोण बसेल)? उद्या बांधस (बांधते). शालनले मनाकडे धाडा."

नाना म्हणाले, "अक्का, माहेर समोरच्या दारात असतं का?"

"बाप आठे शे, आंडेर आठे शे. मंग माहेर कोठे ऱ्हाई (बाप इथं, लेक इथं, मग माहेर कुठं राहील)?"

मी आतून म्हटलं, "माझी लेक काही उघड्यावर पडलेली नाही. तिला माहेर आहे. डोंगरावर आहे, कौलारू आहे, दारात फणस आहे."

अक्का आत आल्या. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "आबा, तुमना डोंगर मोठा शे, माले ठाऊक शे. पण तो काही चालत येत नाही. आणि तुम्ही चालले की काय होतं ते बठ्ठा तालुक्याला माहीत झालंय."

नाना तोंड फिरवून हसले. मला राग आला. माझ्या लेकीचं माहेर मी दुसऱ्याच्या अंगणात उसनं मागायचं, हे मला गिळवेना. मी भिंतीकडे तोंड केलं. अक्का निघून गेल्या.

मग शालन आली. पाण्याचा तांब्या ठेवला, खाटेच्या कडेला बसली. म्हणाली, "तात्या, तुम्ही आलात हे साऱ्या गल्लीनं बघितलंय. मुराळी आला की तो लेकीला घेऊन जातो. कुठं न्यायचं ते तुम्ही ठरवा. मी पिशवी सोडलेली नाही."

एवढंच बोलली. ह्या पोरीत माझाच हट्ट आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आखाजीच्या सकाळी, ऊन कोवळं असताना, मी उठलो. नानांचा रुमाल डोक्याला गुंडाळला, इथले लोक गुंडाळतात तसा, कान झाकून. हिंमतनं कांदा पुढं केला तो खिशात टाकला. मागच्या दारानं बाहेर पडलो, घराला वळसा घातला आणि पुढच्या दारात येऊन उभा राहिलो.  आवाज चांगला निघाला.

"पाहुणे, मुराळी आलाय. लेक पाठवा."

नाना ओट्यावरच होते. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि मग असे उठले, जणू मी खरंच आत्ता कोयनेवरून येतोय. "या, या याही! बसा. पानी ल्या." पाणी आलं, गूळ आला. नाना मांडी घालून समोर बसले आणि गंभीर तोंडानं विचारलं, "रस्तामा ऊन कसं व्हतं?"

"होतं थोडं," मी म्हटलं.

गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. नानांनी रीतीनं आढेवेढे घेतले, सुनेवाचून घर अडतं म्हणाले, कधी आणून सोडाल ते विचारलं. मी म्हटलं, चार दिवसांनी, माहेरपण झालं की. मग त्यांनी आत हाक मारली. शालन बाहेर आली. पिशवी तिच्या हातात होती. नानांच्या पाया पडली आणि माझ्या मागं उभी राहिली.

आम्ही गल्ली ओलांडली.

अक्का उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. लेकीवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.  आयुष्यात पहिल्यांदाच त्या हे करत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या आबा. न पडता उनात (आलात)."

अक्कांच्या घरात त्या दिवशी खापरावर पुरणाचे मांडे झाले. सुपाएवढा पातळ मांडा हातावर फिरवून भाजतात, बघत राहावं. आंब्याचा रस, कुरडया, भजी. पितरांच्या नावानं नवी घागर भरून तिच्यावर डांगर ठेवलं होतं. अक्कांनी मला विचारून माझ्या गेलेल्या बायकोचं नावही घेतलं. ऊन उतरल्यावर निंबाला झोका बांधला. माहेरी आलेल्या गल्लीतल्या लेकी जमल्या आणि त्यांनी शालनला पहिली बसवली. तिला त्यांची गाणी येत होती. इतकी वर्षं पाणी आणून देता देता पाठ झाली असणार. झोका वर गेला की निंबाच्या फांदीला तिचा पाय लागत होता. मी ओट्यावर बसून बघत होतो, रुमाल डोक्यावरून काढला नव्हता.

चार दिवसांनी नाना रीतीनं सुनेला न्यायला आले, गल्लीच्या पलीकडून. अक्कांनी तिच्या ओटीत बिबडे बांधून दिले आणि दारातून हलल्या नाहीत.

मला निरोप द्यायला हिंमत बैलगाडीनं फाट्यावर आला. पहाटेच निघालो होतो. भटूनं चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. "उच्चांकवाल्याकडून घेत नाही," म्हणाला. गाडीत बसल्यावर मागं वळून त्या उघड्या मुलखाकडे बघितलं. आपला पाऊस मोठा आहे, ते मी अजूनही म्हणतो. पण आपल्याकडे पाऊस आला की माणूस दार लावून आपल्या घरापुरता होतो. त्या आगीच्या मुलखात माणसं दुपारी दार लावतात आणि संध्याकाळी अशी उघडतात की वाटसरूचीही लेक आत घेतात. हे मापायला कुठं डबा बसवला असेल तर मला माहीत नाही.

पाटणला उतरलो तेव्हा आमचे चार लोक स्टँडवर होते. त्यांनी माझ्या मागं बघितलं. एसटी रिकामी झाली, कुणी उतरलं नाही.

"तात्या, शालनला आणायला गेला होता ना? कुठाय?"

"माहेरी पोचवून आलो," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून चालायला लागलो.